हार्लेमच्या चित्रातल्या त्या चार बायका राज्य करत होत्या का? (डच रीजंट घराण्यांबद्दल)

पायवाट:

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात कामानिमित्त नेदरलँड्सला होतो. एक दुपार मोकळी मिळाली म्हणून हार्लेमचं फ्रान्स हाल्स संग्रहालय पाहिलं. तिथली दोन चित्रं डोक्यातून जात नाहीत. दोन्ही १६६४ च्या सुमाराची, म्हणजे हाल्स तेव्हा ऐंशीच्या घरात होता. एकात पाच पुरुष आणि एक नोकर, दुसऱ्यात चार बायका आणि एक दासी. सगळीकडे काळा रंग, त्यात पांढऱ्या कॉलरी, चेहरे आणि हात. एका पुरुषाची टोपी डोक्यावर कलती झाली आहे आणि नजर कुठेतरी हरवलेली. बायका मात्र सरळ आपल्याकडे पाहतात.

पाटीवर त्यांना वृद्धाश्रमाचे 'रीजंट' म्हटलं होतं. मला माहीत असलेला रीजंट म्हणजे अज्ञान राजाच्या वतीने कारभार पाहणारा. इथे तर राजाच नव्हता. मग हॉटेलवर येऊन वाचत बसलो, तर हाच शब्द डच प्रजासत्ताकावर दोनशे वर्षं राज्य करणाऱ्या श्रीमंत घराण्यांसाठी वापरलेला दिसला. आता माझा गोंधळ असा: या चार बायका राज्य करत होत्या का? आणि ज्यांना ना पदवी, ना जहागीर, ना वंशपरंपरेचा हक्क, अशा व्यापाऱ्यांच्या हातात पिढ्यानपिढ्या सत्ता राहिली कशी? एका सहप्रवाशाने असंही सांगितलं की हाल्स त्या वृद्धाश्रमात गरिबीत मेला आणि त्याने या लोकांवर चित्रातून सूड उगवला. हे खरं आहे का?

ठिपका:

रीजंट म्हणजे शहरांचे सत्ताधारी. श्रीमंत व्यापारी, पुढे जमीनदारासारखे राहू लागले. रेम्ब्रांटचं कापड तपासनीसांचं १६६२ चं प्रसिद्ध चित्र आहे ना, टेबलाभोवती बसलेले काळ्या टोप्यांतले लोक, तेही हेच. थोडक्यात घराणेशाही होती.

कालव्याकाठी:

पायवाट, तुम्ही ज्या इमारतीत उभे होतात तीच त्या म्हाताऱ्यांची राहायची जागा. ते संग्रहालय जुन्या वृद्धाश्रमातच आहे. मी हार्लेमला एकोणीस वर्षं राहते आणि दर गुरुवारी सतराव्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदी वाचून उतरवून काढायला बसते. हे काम स्वखुशीचं आहे, पगाराचं नाही. त्यामुळे या लोकांशी माझी ओळख अक्षरातून झाली, चित्रांतून नंतर. थोडं सविस्तर लिहिते.

आधी सूडाची गोष्ट बाजूला ठेवू. हाल्स त्या आश्रमात कधी राहिला नाही. तो कर्जबाजारी होता हे खरं, पण १६६४ मध्ये हार्लेम शहरानेच त्याला वर्षाला २०० गिल्डरचं निवृत्तिवेतन आणि जाळायला तीन गाड्या पीट (दलदलीतली वाळवलेली माती) मंजूर केलं होतं. ज्यांनी त्याला चित्राचं काम दिलं त्यांची टिंगल करून पैसे मिळवण्याइतका तो नवखा नव्हता. त्या बायकांकडे पुन्हा एकदा बघा. त्या क्रूर दिसत नाहीत, थकलेल्या आणि जबाबदार दिसतात. मला तरी तसंच दिसतं.

आता शब्द. रीजंट दोन प्रकारे वापरला जायचा. एक, शहराची सत्ता ज्यांच्या हातात ते. दोन, अनाथालय, वृद्धाश्रम, कुष्ठरोग्यांचं घर, सुधारगृह अशा संस्थांच्या कारभारी मंडळातले लोक. तुम्ही पाहिलेले दुसऱ्या प्रकारचे. रीजंटेस म्हणजे त्याच मंडळाची स्त्रियांची बाजू: स्वयंपाकघर, चादरी-कपडे, दासी, भांडारातला हिशेब. बायकांना शहराच्या सभेत जागा नव्हती, तेव्हा नाही, त्या राज्य करत नव्हत्या. पण पुढे वाचा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायकांमधूनच जातं.

ठिपका, रेम्ब्रांटच्या चित्रातले ते पाच जण सत्ताधारी नव्हते. रंगवलेल्या कापडाचे नमुने पाहून दर्जा ठरवणारे ते वर्षभराच्या नेमणुकीवरचे तपासनीस होते आणि त्यांना नेमणारे बर्गोमास्टर, म्हणजे शहराचे नगराध्यक्ष, वेगळे. त्या पाचांमध्ये दोघे कॅथलिक होते, एक मेनोनाइट, म्हणजे एका छोट्या प्रोटेस्टंट पंथाचा. शहराच्या सभेत बसायचं तर सुधारित चर्चचा, म्हणजे तिथल्या मुख्य प्रोटेस्टंट पंथाचा, माणूस लागे. कितीही पैसा असला तरी कॅथलिकाला ते दार बंद होतं.

डच भाषेत सत्तेत असण्याला 'क्युसनवर बसणं' म्हणत. क्युसन म्हणजे उशी, बैठकीची गादी. सभागृहातल्या बाकांवर शहराचं चिन्ह विणलेल्या गाद्या असत, त्यावरून तो वाक्प्रचार आला. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी उठून उभी राहिले होते. आपणही गादीच म्हणतो! फक्त आपल्या शब्दात गादी बापाकडून मुलाकडे जाते हे गृहीतच आहे. त्यांच्याकडे कायद्याने ती जात नव्हती. मरेपर्यंत तुमची, नंतर मोकळी. आणि तरीही ती घरात राहिली. कशी, ते पाहण्यासारखं आहे.

शहराच्या सभेला व्रूदस्खाप म्हणत, शहाण्यांची सभा. ॲमस्टरडॅमला ३६ जण, लायडनला ४०, तिथे तर नुसतं 'चाळीस' म्हणायचे. नेमणूक आयुष्यभराची. कोणी मेला, किंवा गाव सोडून गेला, की नवा माणूस निवडायचा, आणि निवडणार कोण? उरलेले ३५. लोकांचा काही संबंध नाही. ॲमस्टरडॅमला वर चार बर्गोमास्टर. दर फेब्रुवारीत तीन नवे यायचे, जुन्यांपैकी एक वर्षभर थांबायचा म्हणजे कामाचा धागा तुटत नसे. या तिघांना निवडणारे म्हणजे आजी-माजी बर्गोमास्टर आणि न्यायाधीश, ज्यांना स्खेपन म्हणत. या निवडीत स्टाटहाउडरलाही, म्हणजे प्रांताचा प्रमुख आणि सेनापती असलेल्या ऑरेंज घराण्याच्या राजकुमारालाही, बोलायला जागा नव्हती.

म्हणजे सगळा खेळ एवढाच की खोलीत आधीपासून बसलेल्यांना तुम्ही त्यांच्यातले वाटले पाहिजेत. आणि एखाद्याला आपल्यातला करून घेण्याचा सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे लग्न. जवळच्या नातलगांनी एकाच वेळी पदांवर बसू नये असे नियम बऱ्याच शहरांत होते, त्यामुळे जावई, मेहुणा, साडू, भाचा यांचं मोल आणखी वाढलं.

मी गुरुवारी जे वाचते त्यात हे डोळ्यांसमोर घडतं. पुरुषांच्या आडनावांनी वंशवृक्ष काढला तर वेगवेगळ्या सरळ फांद्या मिळतात. बायकांच्या नावांनी काढला तर एकच गाठ. माझ्याकडे वेंडेला बिकरचा असा एक कागद आहे, चार वेळा नव्याने काढलेला.

वेंडेलाचा बाप यान बिकर, जहाजं बांधणारा. ॲमस्टरडॅममधलं एक अख्खं बेट त्याने १६३१ मध्ये विकत घेतलं, आजही त्याला बिकर्सआयलंड म्हणतात. त्याचे भाऊ आंद्रीस आणि कोर्नेलिस दोघेही बर्गोमास्टर. १६४६ च्या सुमारास या घराण्यातले सात जण एकाच वेळी कुठल्या ना कुठल्या पदावर होते. वेंडेलाची आई आग्नेता दे ग्राफ. म्हणजे शहराचा दुसरा बलाढ्य माणूस, कोर्नेलिस दे ग्राफ, हा वेंडेलाचा सख्खा मामा. धाकटा मामा आंद्रीस दे ग्राफ, त्याची बायको पुन्हा बिकरांचीच मुलगी. आणि कोर्नेलिसमामाच्या मुलाने, पीटरने, लग्न केलं वेंडेलाची बहीण याकोबाशी, म्हणजे स्वतःच्या आतेबहिणीशी.

आता डॉर्ड्रेख्तचा एक हुशार वकील या गाठीत येतो, योहान दे विट. १६५३ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो हॉलंड प्रांताचा मुख्य सल्लागार झाला, व्यवहारात सगळ्या प्रजासत्ताकाचा कारभारी. हॉलंडच्या प्रांतिक सभेत १८ शहरांना प्रत्येकी एक मत आणि सगळ्या सरदारांना मिळून एक मत. पण पैशाचा भार ॲमस्टरडॅम उचलत होतं, आणि सगळ्या प्रांतांच्या संघाच्या एकूण खर्चातला सुमारे ५८ टक्के हॉलंड. ॲमस्टरडॅमच्या मनाविरुद्ध त्याला काहीच पुढे नेता आलं नसतं. १६५५ मध्ये त्याने वेंडेलाशी लग्न केलं आणि कोर्नेलिस दे ग्राफ त्याचा मामेसासरा झाला. मला हे नुसतं सोयीचं लग्न म्हणावंसं वाटत नाही, त्यांचा संसार प्रेमाचा होता. पण त्या एका नोंदीने देशाचं राजकारण जागच्या जागी बसलं हेही तितकंच खरं.

हिशेबनीस:

कालव्याकाठी ताई, सुंदर लिहिलंय. पण नात्यागोत्यावरच थांबलो तर अन्याय होईल असं मला वाटतं. मी बँकेतून निवृत्त झालो, म्हणून माझं लक्ष पैशाकडे जातं. या लोकांनी तो फार नीट सांभाळला.

हॉलंड प्रांत कर्जरोखे काढायचा. ते घेणाऱ्यांत रीजंट स्वतः पुढे होते, म्हणजे कर्ज काढणारे आणि देणारे एकाच खोलीत. आपला पैसा बुडावा असं कुणाला वाटेल? त्यामुळे व्याज वेळेवर जायचं, त्यामुळे विश्वास, आणि त्यामुळे दर खाली. १६५५ मध्ये त्यांनी तो ४ टक्क्यांवर आणला. स्वतःचंच उत्पन्न कमी करून! त्या काळात मोठमोठ्या राजांना या दराने कोणी कर्ज दिलं नसतं.

दुसरं, १६०९ मध्ये स्थापन झालेली ॲमस्टरडॅमची विनिमय बँक. तिच्या तळघरातल्या धातूची जबाबदारी बर्गोमास्टरांवर. दर वर्षी नवे आलेले बर्गोमास्टर तिजोरी वहीशी ताडून पाहायचे आणि शपथेवर ताब्यात घ्यायचे. १६७२ मध्ये फ्रेंच सैन्य उट्रेख्तपर्यंत आलं तेव्हा लोक बँकेवर तुटून पडले. बँकेने मागेल त्याला पैसे दिले. बाहेर आलेल्या नाण्यांपैकी काहींवर आगीचे डाग होते. जुनं नगरभवन १६५२ मध्ये जळालं, त्याच्या तळघरात ती पडून होती. इतकी वर्षं त्यांना कोणी हात लावला नव्हता याचा याहून चांगला पुरावा कुठला? नोकरीत मी अनेक तपासण्या पाहिल्या, पण हा प्रसंग वाचताना अजून अंगावर काटा येतो.

आणि योहान्स हुड्डे! नावाजलेला गणिती, ॲमस्टरडॅमचा २१ वेळा बर्गोमास्टर. दे विट आणि तो लायडनला एकाच गुरूचे शिष्य. दे विटने १६७१ मध्ये आजन्म वार्षिकीची (मरेपर्यंत दर वर्षी मिळणाऱ्या ठराविक रकमेची) किंमत मृत्यूच्या शक्यतेवरून कशी काढायची यावर लहानसा ग्रंथ लिहिला, त्याबद्दल दोघांचा पत्रव्यवहार आहे. विमागणिताची सुरुवात सांगताना आजही तिथपर्यंत जावं लागतं. राज्यकर्ते असे असतील तर घराणेशाहीचं वाईट वाटत नाही.

पायवाट:

कालव्याकाठी ताई, हिशेबनीस काका, दोघांचेही मनापासून आभार. गादीचं वाचून थक्क झालो.

पण १६७२ चं नाव निघालं म्हणून विचारतो. द हेगच्या संग्रहालयात दे विट भावांपैकी एकाची जीभ आणि एकाचं बोट काचेआड ठेवलेलं पाहिलं. लोकांनी त्यांना फाडून टाकलं असेल तर ती व्यवस्था तिथेच संपायला हवी होती ना? मग दोनशे वर्षं कशी?

कालव्याकाठी:

हिशेबनीस काका, बँकेचं तुम्ही म्हणता ते मान्य, अगदी मनापासून. हुड्डेबद्दल तर आणखी एक सांगते. त्याच्या काळात ॲमस्टरडॅमच्या बंधाऱ्यांत पाण्याची पातळी दाखवणारे आठ संगमरवरी दगड बसवले. त्यातला एक अजून एनहोर्न नावाच्या पाणी अडवणाऱ्या दारापाशी आहे. समुद्र किती चढला तर शहर बुडेल हे त्या रेघेवरून कळायचं. मी तिथे गेले होते तेव्हा पाऊस होता आणि मी बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून उभी होते. पण "वाईट वाटत नाही" याच्याशी मी सहमत नाही, आणि पायवाट यांच्या प्रश्नात त्याचं कारण येतं.

१६७२ मध्ये दे विट सत्तेवर होता तो ऑरेंज घराण्याला दूर ठेवून. स्टाटहाउडर दुसऱ्या विलेमने १६५० मध्ये ॲमस्टरडॅमवर सैन्य पाठवलं होतं. ते धुक्यात वाट चुकलं, हॅम्बुर्गच्या टपालवाल्याने त्यांना पाहिलं आणि शहराला खबर लागली, कोर्नेलिस बिकरने वेशी बंद केल्या. तरी तडजोडीत बिकर भावांना गाद्या सोडाव्या लागल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये विलेम देवीच्या रोगाने गेला आणि पुढली बावीस वर्षं हॉलंडमध्ये स्टाटहाउडर नव्हता. या काळाला ते 'खरं स्वातंत्र्य' म्हणत. मग फ्रेंच आले, लोक घाबरले, आणि २० ऑगस्ट १६७२ ला द हेगच्या तुरुंगाबाहेर योहान आणि त्याचा भाऊ कोर्नेलिस यांना जमावाने मारलं.

दुसऱ्या विलेमचा मुलगा, नवा स्टाटहाउडर तिसरा विलेम, याने मग हॉलंडच्या शहरांतले सुमारे १३० रीजंट काढून टाकले. आंद्रीस दे ग्राफ गेला, पीटर गेला. पण त्यांच्या जागी कोण आले? त्याच वर्गातले, दुसऱ्या बाजूचे. हुड्डे पहिल्यांदा बर्गोमास्टर झाला तो १६७२ मध्येच. माणसं बदलली, खोली आणि गाद्या त्याच राहिल्या. १६१८ मध्ये ऑरेंज घराण्याच्याच मॉरिट्सने हेच केलं होतं. तुम्ही विचारता ना, व्यवस्था संपली का नाही? कारण निवडीचा अधिकार कुणीच लोकांना दिला नाही. राजपुत्रालाही तो नको होता, त्याला फक्त आपली माणसं हवी होती.

आणि दे विटची मुलं? वेंडेला १६६८ मध्येच वारली होती. एका मुलीचं नाव आजीवरून आग्नेता. ती पोरकी झालेली मुलं सांभाळली पीटर दे ग्राफने, म्हणजे दे विटच्या साडूने. स्वतःची गादी गेलेली असताना. सत्ता राखण्यासाठी विणलेलं जाळं त्या वर्षी पोरक्या पोरांना झेलायला उपयोगी पडलं. माझ्या कागदावर याकोबा आणि वेंडेला यांना जोडणारी रेघ मी लाल शाईने काढली आहे.

खरा ऱ्हास पुढच्या शतकात झाला. आधीच्या पिढ्या जहाजं, धान्य, साखर यांत होत्या, त्यांना बाजार कळायचा. हळूहळू घराण्यांनी व्यापार सोडला, व्याजावर जगू लागली, उन्हाळा फेख्त नदीकाठच्या बागबंगल्यांत. आणि पदांचं वाटप लेखी होऊ लागलं. 'परस्पर-समजुतीचे करार' म्हणत. गुप्त कागद, खाली सह्या, की पुढची जागा तुझ्या मुलाला, त्यानंतरची माझ्या भाच्याला. हे नुसत्या मोठ्या पदांचं नव्हतं. ॲमस्टरडॅमच्या टपालाचं उत्पन्न बर्गोमास्टरांच्या नातलगांकडे जायचं, कधी लहान मुलांच्या नावावर, आणि प्रत्यक्ष पत्रं वाहायला थोड्या पैशांवर ठेवलेला माणूस. काका, तुमच्या तळघरातली नाणी कुणी हलवली नाहीत, हे खरं. पण दारासमोरच्या पत्रातला वाटा पाळण्यातल्या पोराला जात होता.

१७४८ च्या जूनमध्ये लोकांचा संयम सुटला. कर गोळा करण्याचा मक्ता घेणाऱ्यांची ॲमस्टरडॅममधली घरं लुटली गेली, सामान कालव्यात फेकलं. मारेत्ये आरेंट्स नावाची मासळी विकणारी बाई त्यात पुढे होती. २८ जूनला तिला दाम चौकातल्या वजनकाट्याच्या इमारतीच्या खिडकीतून फाशी दिलं. गर्दी इतकी की माणसं चेंगरून आणि पाण्यात पडून मेली. नंतर नागरिकांनी मागणी केली की बर्गोमास्टर आम्ही निवडू. तेव्हाचा स्टाटहाउडर चौथा विलेम सप्टेंबरमध्ये स्वतः आला, चारही बर्गोमास्टर आणि जवळपास निम्मी सभा बदलली, टपालाचं उत्पन्न प्रांताकडे गेलं, करांचा मक्ता बंद झाला. निवडणुकीची मागणी मात्र त्याने मान्य केली नाही. पुन्हा तीच खोली.

ती मोकळी झाली १७९५ च्या जानेवारीत, फ्रेंच सैन्याच्या आधाराने. त्याआधी १७८७ मध्ये देशभक्त म्हणवणाऱ्या नागरिकांचा प्रयत्न प्रशियाच्या सैन्याने मोडला होता. आणि १८१३ नंतर नव्या राजाने यांतल्या कित्येक घराण्यांना सरदारकीच्या पदव्या दिल्या, म्हणजे दोनशे वर्षं ज्यांच्याकडे पदवी नव्हती त्यांना ती सत्ता गेल्यावर मिळाली.

मारेत्येचा चेहरा कुणी रंगवला नाही. म्हणून मला त्या दालनात चार रीजंटेससमोर उभं राहताना तिची आठवण येते.

हिशेबनीस:

ताई, पाळण्यातल्या पोराचं मला माहीत नव्हतं. बँकेची वही आणि टपालाची वही एकाच इमारतीतल्या लोकांच्या हातात होती, हे मी कधी एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं. माझं ते शेवटचं वाक्य मागे घेतो. हुड्डेबद्दलचं मात्र नाही!

पायवाट:

मी नोव्हेंबरात पुन्हा येतोय, दोन दिवस ॲमस्टरडॅमला. काय पाहू?

कालव्याकाठी:

दाम चौकातला राजवाडा. तो राजवाडा म्हणून बांधलेलाच नाही. १६४८ मध्ये काम सुरू झालं, १६५५ मध्ये नगरभवन म्हणून उघडला, पाण्याखालच्या मातीत १३,६५९ लाकडी खांब ठोकून. बर्गोमास्टरांच्या खोलीत जा, तिथे दोन रोमन कारभाऱ्यांची चित्रं आहेत. एक धमकीला भीत नाही, दुसरा सोनं परत करून सलगमावर समाधान मानतो. ते रोज त्यांच्याकडे बघत बसत असत.

मग दिवाळखोरीच्या कचेरीचं दार शोधा. वर पंख वितळून खाली पडणारा ग्रीक पुराणकथेतला इकॅरस कोरला आहे, आणि त्याच्या आसपासच्या नक्षीत रिकाम्या पेट्या, न भरलेली बिलं आणि ती कुरतडणारे उंदीर. उंदीर बारीक आहेत, मान वर करून नीट पाहावं लागतं. येताना कळवा, गुरुवार नसेल तर मी येते बरोबर.